डोळे नसलेला वीरगळ

“ह्याचं डोळं कुणी काढायचं?” आबांनी विचारलं.

मी वीरगळाच्या कडांना काजळी फासत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, समोर उकिडवे बसले होते. अंगात तपकिरी कोट, कानाला मफलर, हातात चहाचा कागदी कप. मसाई पठारावर सकाळचं धुकं उतरलं की चार हातांवरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, तशातली ती सकाळ होती.

“कुणीच न्हाई,” मी म्हटलं. “जुना दगड दाखवायचाय. डोळं झिजल्यात म्हणायचं.”

“झिजल्यात,” आबा म्हणाले. “बरं.”

ज्या पिक्चरसाठी हा वीरगळ केला, तो तुम्ही बघितला असेल किंवा नसेल. दोन आठवडे लागला आणि गेला. त्यातलं दगड फुटायचं दृश्य मात्र अजून कुणी ना कुणी मोबाइलवर पाठवतं. नीट बघितलंत तर फुटणाऱ्या त्या दगडाला डोळे नाहीत. त्याच्या आधी तोच दगड जवळून दाखवलाय, तिथं आहेत, आणि असे आहेत की बघणाऱ्यालाच नजर वळवावी वाटते. ही चूक माझी. पिक्चरवाल्यांना ती कधी सापडली नाही. आबांना पाच मिनिटांत सापडली.

आम्ही कोल्हापूरचे कुंभार. गणपती करणारे. आमच्यात मूर्ती कुणीही घडवावी, रंग कुणीही द्यावा, पण डोळ्यांची आखणी घरातला एकच हात करतो आणि ती सगळ्यांत शेवटी. डोळे काढेपर्यंत ती माती. पाडा, मोडा, पुन्हा मळा, कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण एकदा डोळे काढले की तिला फोडायचं नाही. मग तिला पाणीच दाखवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. चालायला लागलो तेव्हापासून मला ते ठाऊक आहे.

आमच्या घरी आखणी आबांची, आणि आबांनंतर दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सर्जेराव. मी उत्तम, धाकटा. माझ्या वाटणीला साचे, काथ्या आणि रंगाची डबडी. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरंच सांगतो. दादाच्या हातातली ती खारीच्या केसांची कुंचली मूर्तीच्या पापणीवरून फिरायला लागली की मी श्वास धरून बघायचो. तो मात्र गालातल्या गालात हसत म्हणायचा, “श्वास सोड की रे, गुदमरून मरशील.”

त्या सकाळच्या तीन वर्षं आधी मोठा पूर आला होता. पलीकडच्या वाडीतली माणसं घरांच्या छपरांवर जाऊन बसली होती. नावा पुरेनात. तेव्हा दादानं गुऱ्हाळातली गुळाची काहील काढली. आमच्याकडं पुरात ती भली मोठी लोखंडी कढई नावेसारखी वापरतात. एका खेपेला दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी घेऊन आला. शेळीवरनं आईनं शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला गेला तो गेला. काहील आठ दिवसांनी उसाच्या फडात सापडली. दादा सापडला नाही.

आबांनी त्या दिवसापासून डोळे काढले नाहीत. आखणी चुलत्याकडं गेली. कुंचली कोटाच्या आतल्या खिशात गेली. आणि एक हुकूम सुटला: जेवताना दादाचा पाट मांडायचा. वैनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, रोज पाट मांडला, ताट वाढलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर ते ताट निमूट गाईला घातलं. तीन वर्षं. गुरुजी म्हणाले होते, माणूस सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, मग त्याचं श्राद्धही घालता येतं. आबा गुरुजींवर असे खेकसले की ते बिचारे छत्री विसरून गेले. “मी जलमभर पुतळं केलं,” आबा म्हणाले, “आता पोराचा पुतळा करून जाळू?”

असं तिसरं वर्ष. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि मला हे पिक्चरचं काम आलं. निघताना आईनं शेणी रचल्या होत्या त्या कोपऱ्यात मला ओढलं. “ह्यास्नी बी ने,” ती म्हणाली. “घाटावर बसून नदीकडं बघत्यात दिवसभर. आणि वर गेल्यावर बोल त्यांच्याशी. आमुशा चार दिवसांवर आली. पोरगी तिसरं वरीस ताट वाढतीया. तिला रडायचं तरी कळू दे.”

मी बोलतो म्हणालो. दोन दिवस झाले होते आणि मी चकार शब्द काढला नव्हता.

*

पिक्चरचं नाव तेव्हा ठरलेलं नव्हतं. सगळे ‘यादव पिक्चर’ म्हणायचे. गोष्ट अशी होती: आजच्या काळातला एक पोरगा पठारावर हिंडताना धुक्यात वाट चुकतो आणि थेट यादवांच्या राज्यात जाऊन निघतो. तिथल्या गावाच्या वेशीत एक वीरगळ असतो. लढाईत मेलेल्या वीरासाठी गावानं लावलेला दगड म्हणजे वीरगळ. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो देवापुढं बसलाय, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. तर त्या दगडावर ह्या पोराचाच चेहरा असतो. म्हणजे हा इथंच मरणार हे आधीच कोरून ठेवलंय. शेवटी तो घण उचलतो, स्वतःचाच वीरगळ फोडतो, मरण टळतं आणि धुक्यातून चालत परत आपल्या घरी येतो.

दिग्दर्शक निमकर पुण्याचे. भला माणूस, पण एकदा डोक्यात काही घुसलं की कुणाचं न ऐकणारा. त्यांना दोन वीरगळ हवे होते. एक जवळून दाखवायला, तो मी शाडूचा केला, कारण शाडूत बारीक काम उठतं. दुसरा फोडायला, तो प्लास्टरचा, आतून पोकळ. चेहरा हिरोच्या फोटोवरून घेतला. डोळ्यांचं मी काहीतरी थाप मारून भागवलं. म्हटलं, जुन्या दगडांवर डोळे राहत नाहीत हो साहेब. खरं कारण त्यांना सांगून काय कळणार होतं.

त्या सकाळी मी हे सगळं आबांना सांगितलं. ते एरवी अशा गोष्टी कानाआड करायचे. पण त्या दिवशी कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हंजे दगड फुटला की ह्यो माघारी येतोय,” ते म्हणाले.

“पिक्चरमध्ये, आबा.”

“पिक्चरमध्येच की. मी कुटं काय म्हटलं?”

मग ते उठले आणि सेटवर फिरायला निघाले. मीही मागोमाग गेलो. धुक्यात ते गाव खरोखरचं दिसत होतं. बांबूच्या भिंतींना चुनामाती फासून आम्हीच केलेली पाच घरं, थर्मोकोलची दीपमाळ, दगडी वेस. शूटिंगच्या गाड्या, जनरेटर, तंबू सगळं धुक्यानं गिळलं होतं. एक म्हातारा घोंगडी पांघरून बैल घेऊन चालला होता. दोन बाया डोक्यावर घागरी घेऊन आल्या आणि गेल्या. कुणीतरी चूल पेटवली होती, ओल्या लाकडाचा धूर धुक्यात मिसळत होता. आवाज नव्हताच. मला वाटलं आता वेशीतून कुणीही यावं आणि आपल्याला आश्चर्य वाटू नये. आबांनी बैलवाल्याला रामराम घातला. त्यानंही घातला. “कुणाचं गाव हे?” आबांनी विचारलं. बैलवाला पन्हाळ्याखालचा, भाड्यानं आणलेला. तो म्हणाला, “कुणाचं का असंना, बरं हाय की.” आबा हसले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, म्हणून मी तिथंही आईचं बोलणं काढलं नाही.

*

दुपारी मी परत आलो तर आबा शाडूच्या वीरगळासमोर मांडी घालून बसलेले. हातात कुंचली.

पुढं जाऊन बघितलं. दगडाच्याच रंगातली, फक्त एक छटा काळी, अशी ती आखणी होती. वरची पापणी जरा जड. डाव्या डोळ्याची कड किंचित खाली उतरलेली. नाक हिरोचं, जिवणी हिरोची, आणि बघत होता दादा. आता म्हणेल, श्वास सोड की रे.

“आबा,” मी म्हटलं.

“हात हालला न्हाई,” आबा म्हणाले. “वाटलं हुतं हालंल.”

एवढ्यात निमकर आले. आता ओरडणार, चेहरा हिरोसारखा राहिला नाही म्हणणार, असं मला वाटलं. खरं म्हणजे त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं. ते वाकून बघत राहिले. मग टोपी काढली.

“उत्तमराव, हे कोणी केलं?”

“वडिलांनी.”

“काका, जीव ओतलात हो,” ते म्हणाले, आणि तिथल्या तिथं कॅमेरा मागवला. धुकं विरळ होत होतं, ते पुन्हा दाटेपर्यंत सगळे थांबले, आणि मग दादाचे डोळे बराच वेळ कॅमेऱ्याकडं बघत राहिले. आबा बाजूला हात बांधून उभे होते. निमकर आणि ते काहीतरी बोलत होते. मी त्या वेळी तिथनं निघून गेलो, मला ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी निमकरांनी मला बोलावलं. “उद्या प्लास्टरचा नको. हाच फोडायचा. दोन्ही दगड वेगळे दिसतील.”

“साहेब, डोळं काढलेली मूर्ती आमच्यात फोडत नाहीत.”

“मूर्ती नाही हो ती, वीरगळ आहे. शूटिंगचं सामान, प्रॉपर्टी आहे.”

“प्लास्टरवर तसेच डोळे काढून घेतो.”

“मग घ्या,” ते म्हणाले. “अगदी असेच हवेत पण.”

मी आबांकडं गेलो. ते तंबूत घोंगडीवर पडले होते, छताकडं बघत. मी म्हटलं, “आबा, त्या दुसऱ्या दगडावर एवढं डोळं काढून द्या. मग आपला वाचंल.”

“एका माणसाचं डोळं दोनदा काढत न्हाईत.”

“मग उद्या साहेब हाच फोडणार. आपल्या डोळ्यांदेखत.”

आबांनी कूस बदलली. त्यांची पाठ मला दिसत होती. “फोडू दे की,” ते म्हणाले.

ते आतून तुटलेत आणि वरवर मन घट्ट करून बोलताहेत, असंच मला वाटलं. दुसरं काही सुचायला माझ्याकडं अक्कल हवी होती. मी मनात ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, उद्या हा दगड फुटू द्यायचा नाही. दादाला एकदा पाण्यानं नेलं, आता घणानं न्यायचं कारण नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे मंडपाकडं पांगले. धुकं पुन्हा दाट झालं होतं. आबांना पिठलं-भाकरी वाढून दिली, आणि मी हैबती सुताराला हाक मारली. हैबती आमच्या गल्लीतलाच, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. आम्ही दोघांनी शाडूचा दगड उचलून वेशीमागं कारवीच्या झुडपात नेला आणि वर घोंगडी टाकली. त्याच्या जागी प्लास्टरचा उभा केला.

डोळे काढायचं माझ्या मनात आलं होतं. कुंचली नव्हती, पण दुसरा ब्रश होता. मी तो गालापर्यंत नेला आणि माझा हात थांबला. ते काम माझं नव्हतं. मग मी हिरवा आणि राखाडी रंग कालवून चेहऱ्यावर शेवाळ चढवलं, डोळ्यांवर जरा जास्तच.

“दिसंल का?” हैबतीनं विचारलं.

“ह्या धुक्यात माझा चेहरा तुला दिसतोय का?”

“चेहरा न्हाई, पण तुझा घाम दिसतोय,” हैबती म्हणाला.

दृश्य लागलं. आबा कॅमेऱ्याच्या मागं, सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहिले. कोटाची बटणं लावलेली, मफलर काढून हातात घेतलेला, देवळात माणूस उभा राहतो तसे. हिरो धुक्यातून आला, घण उचलला. पहिल्या घावाला नुसता तडा गेला. दुसऱ्या घावाला चंद्र-सूर्य खाली आले. तिसऱ्याला सगळा वीरगळ बसला आणि पांढरा धुरळा धुक्यात मिसळून गेला. हिरो त्यातून चालत लांब गेला, दिसेनासा झाला. निमकरांनी ‘कट’ म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबा मात्र हिरो गेला तिकडंच बघत होते. धुक्याकडं. मला वाटलं, आता गडबड आवरली की ह्यांना हळूच झुडपामागं न्यावं आणि घोंगडी बाजूला करावी. मी मनातल्या मनात खूश होतो, हे कबूल करतो.

जरा वेळानं ते पुढं गेले आणि तुकड्यांत बसले. एकेक तुकडा उचलून बघायला लागले. चेहऱ्याचा तुकडा सापडला. त्यावरचं शेवाळ अंगठ्यानं पुसलं. खाली कोरं प्लास्टर.

“उत्तम,” त्यांनी हाक मारली. “माझा दगड कुठाय?”

मी शेजारी जाऊन बसलो. “वाचवला आबा. वेशीमागं ठेवलाय. काही झालं नाही त्याला.”

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं.

“तुला कुणी सांगितलं हुतं?”

“तुमचं डोळं हुतं ते. दादाचं हुतं. फोडताना बघून तुम्हाला...”

“साहेबाला मीच सांगितलं,” आबा म्हणाले. “दोन दगड येगळं दिसतील, ह्योच फोडा, असं. मी सांगितलं.”

मला काही कळेना. “पण का?”

आबांचा आवाज खाली आला. “दगड फुटला की माणूस माघारी येतोय म्हणालास न्हवं तू.”

“ते पिक्चर हाय, आबा,” मी म्हटलं.

“पिक्चर हाय ते मला कळत न्हाई व्हय रे?” ते म्हणाले. “सगळं कळतंय. लोक देवापुढं नारळ फोडत्यात. त्यास्नी बी कळतंय नारळानं काय हुत न्हाई. मी म्हटलं आपण दगड फोडून बघू. एवढं एकच राहिलं हुतं करायचं. बाकी सगळं करून झालं.” त्यांनी तो बिनडोळ्यांचा तुकडा जमिनीवर ठेवला. “आणि तू तेवढं बी करू दिलं न्हाईस.”

पुढं जे केलं ते मी का केलं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. मी उठलो. हिरोनं टाकलेला घण उचलला, आबांचा हात धरला आणि त्यांना वेशीमागं नेलं. घोंगडी ओढून काढली. दादा आमच्याकडं बघायला लागला.

“फोडा,” मी म्हटलं. “आत्ता फोडा. कोण आडवा येतोय बघतो मी.”

आबांनी घण घेतला. जड होता, पण त्यांना पेलला. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. तिथं थांबला. कारवीच्या पानांवरचं पाणी टपटप पडत होतं, तेवढाच आवाज.

“त्या पोरानं लांबनं फोडला असता तर चाललं असतं,” ते म्हणाले. “माझ्या हातानं न्हाई जमत.” घण त्यांनी गवतावर ठेवला, आणि स्वतःही बसले.

आईनं सांगितलेलं मी तेव्हा बोललो. कसं बोललो माहीत नाही. आधी वैनीच्या ताटाचं म्हणालो, मग दर्भाचं, मग सगळं सोडून जे खरं होतं ते म्हणालो. “आबा, दादा यायचा न्हाई.”

तीन वर्षांत आमच्या घरात ते वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. आबा ओरडतील, थोबाडीत मारतील, असं मला वाटलं. मफलरनं त्यांनी दगडावरचं दव पुसलं, कपाळ, मग गाल. डोळ्यांना मफलर लागू दिला नाही. धुकं हळूहळू उचलत होतं. वेशीपलीकडं जनरेटरची गाडी दिसली, मग तंबू, मग पठाराची कड, आणि लांब खाली, शेतांच्या मधून गेलेली नदीची रेघ.

“डोळं तर काढून बसलोय,” आबा म्हणाले. “आता फोडता येत न्हाई. आपल्यात फोडत न्हाईत.”

“व्हय.”

“मग काय करत्यात?”

जन्मभर मूर्ती केलेला माणूस मला हे विचारत होता. मी सांगितलं, “पाण्यात देत्यात, आबा.”

*

टेम्पोतून दगड खाली आमच्या घाटावर आणला तेव्हा दिवस मावळायला तासभर होता. आबांनी वाटेत एवढंच विचारलं, “कुठनं घातली हुती त्यानं काहील?” त्यांना ती जागा माहीत होती. तरी मी दाखवली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आबांनी हजारो गणपती केले, पण पाण्यात एकही सोडला नव्हता. आपण घडवलेलं आपल्या हातानं बुडवायला त्यांना नको वाटायचं. घरचा गणपतीसुद्धा दादाच न्यायचा, आणि आबा घाटाच्या वरच्या पायरीवर पाठ करून उभे राहायचे. त्या संध्याकाळी त्यांनी कोट काढून पायरीवर ठेवला आणि धोतराचा काचा मारला. दोघांनी मिळून दगड उचलला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पाणी शांत होतं, त्यावर तांबूस उजेड पसरला होता. ह्याच नदीनं तीन वर्षांपूर्वी गाव गिळलं होतं हे खरं वाटू नये, इतकी ती गरीब दिसत होती.

“तीनदा बुडवायचा न्हवं?” आबांनी विचारलं.

“तीनदा. तिसऱ्यांदा सोडायचा.”

पहिल्यांदा बुडवून वर काढला. काजळी धुऊन गेली, खालची माती दिसायला लागली. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा चेहरा आबांच्या बाजूला होता. त्यांनी त्याच्याकडं बघून घेतलं. पुरेसं बघून झाल्यावर मान हलवली, आणि आम्ही तिसऱ्यांदा खाली नेला. माझ्या हातातून वजन गेलं. आबांच्या हातातून जायला जरा वेळ लागला.

आबा वाकून पाण्यात बघायला लागले.

“लगेच इरघळंल का?”

“शाडू हाय. सकाळपर्यंत लागंल.”

“आणि डोळं?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण रंगाची डबडी जन्मभर मी सांभाळली होती, आणि हे आबांनाही ठाऊक होतं. “डोळं आधी जात्यात, आबा. वरवरचा रंग असतोय.”

आबांनी पाण्यात हात घातला, तळवा उघडा ठेवून, जसं काही वर येणारच आहे. बराच वेळ. मग हात बाहेर काढला आणि कपाळाला लावला.

“गेला रे, उत्तम,” ते म्हणाले.

आणि मग आबा रडले. कमरेइतक्या पाण्यात, मोठ्यानं, लाज न धरता. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना धरून ठेवलं, कारण खाली शेवाळ होतं आणि मीही धड बघू शकत नव्हतो.

वर आल्यावर त्यांनी कोट घातला. आतल्या खिशात हात गेला तेव्हा मला वाटलं, आता कुंचलीही नदीत टाकणार. त्यांनी ती बोटांत फिरवून बघितली, केस ओठांनी ओले करून टोक जुळवलं, आणि माझ्या शर्टाच्या खिशात खोचली.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “फुडल्या साली लागंल.”

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढं होती आणि वैनी पानं मांडत होती. आमचे ओले कपडे बघून आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. वैनीनं नेहमीसारखा दादाचा पाट आणला, खिडकीखाली मांडला आणि त्यापुढं ताट ठेवायला वाकली.

“मालन,” आबांनी हाक मारली.

“जी, मामंजी.”

आबा पुढं गेले. तो पाट त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भिंतीला टेकवून उभा केला. मग वैनीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वतःच्या पाटापुढं ठेवलं.

“बस पोरी,” ते म्हणाले. “ताट तुझं घे. आज तू आधी जेव.”

वैनी उभीच होती. मग तिनं आईकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावून मोठ्यानं रडायला बसली. तिला कुणीही गप्प केलं नाही.